थुंकीतला धागा

शिंप्याच्या धाकटीला पहिला दात आला, त्या वर्षी गल्लीत धागेमहाराज अवतरले. शाळेमागच्या रिकाम्या गोदामात सकाळपासून रांग लागायची. महाराज रोग्याला मिठाच्या पाण्याची चूळ भरून पेल्यात थुंकायला लावत, त्यात 'अमृताचे' चार थेंब टाकत आणि वरून थंडगार 'चंद्रजल' अलगद ओतत. बघता बघता पेल्यात पांढरे तंतू तरंगू लागत. ते काचेच्या कांडीवर गुंडाळत महाराज गर्जत, "हे बघा रोगाचं मूळ! धरलं शेंडीला!" लोक टाळ्या पिटत, रडत, पुन्हा टाळ्या पिटत.

शिंप्याच्या बायकोला क्षय झाला होता. चार महिने गोळ्या झाल्या होत्या, दोन महिने राहिले होते. तिचाही धागा निघाला, चांगला बोटभर.

"आता गोळ्या बंद," महाराज म्हणाले. "मूळ उपटल्यावर फांद्यांना कशाला पाणी?"

शिंपी तरंगतच घरी आला. गोळ्यांची डबी कपाटावर भिरकावतोय, तोच त्याची थोरली बहीण दारात. अक्का कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली होती आणि धुता धुता प्रयोग शिकली होती.

"अक्का, रोग निघाला! डोळ्यांनी पाहिला!"

"पेल्याला वास कसला होता?"

"दैवी!"

"कसला दैवी, वन्सं," बायको म्हणाली, "सुई टोचायच्या आधी कापसाने पुसतात ना, तसला."

अक्काला असं हसू फुटलं की तिने दाराची चौकट धरली. "अरे शहाण्या, ते स्पिरिट! असले धागे मी दर मंगळवारी जंतूंचे काढते."

"जंतूंना कसला रोग?"

"तेच महाराजांना विचारू."

दुसऱ्या दिवशी अक्का पिशवी घेऊन रांगेत. "महाराज, माझे रोगी या बाटलीत आहेत. कोट्यवधी. गरीब आहेत, चालत येऊ शकले नाहीत."

गोदाम खिदळलं. तिने हातमोजे चढवले. निरुपद्रवी जंतूंचा, रात्रभर तळाशी बसलेला गाळ पेल्यात घेतला. त्यात भांडी घासायचा साबण आणि मोरी साफ करायच्या खाराचं पातळ पाणी घातलं. गाळ शेंबडासारखा दाट झाला. "ही जंतूंची घरं फुटली." मग व्हिनेगर ओतलं, तशी फाटलेल्या दुधासारखी पांढरी साय वेगळी झाली. ती कपड्यातून गाळून तिने खालच्या नितळ पाण्यावर बर्फातलं स्पिरिट सोडलं. धुक्यासारखे तंतू उमटले.

"बोला महाराज, यांना कुणाची नजर लागली?"

"जंतूंना... पूर्वजन्मीची!"

हशा उसळला. तेवढ्यात शिंप्याची बायको पुढे आली. "महाराज, तुम्हीच थुंका ना!"

"मी निरोगी आहे!"

"मग धागा निघणारच नाही. घाबरता कशाला?"

"थुंका! थुंका!" सगळं गोदाम ओरडू लागलं. महाराजांनी चूळ भरली आणि रागाने थुंकले. अक्काने त्यांचंच अमृत, त्यांचंच चंद्रजल वापरलं. धागा निघाला तो सगळ्यांहून जाड.

"अगं बाई! यांना तर माझ्याहून मोठा रोग!"

महाराज मागच्या दाराने पळाले. स्कूटर सुरू होईना, तेव्हा लोकांनीच ढकलून दिली.

शिंप्याला मात्र हसता येईना. "म्हणजे रोग आतच आहे?"

"आत आहे, आणि गोळ्या त्याला मारताहेत," अक्का म्हणाली. "धागा हा रोग नव्हे रे. जिवंत शरीराची घडण त्यात लिहिलेली असते. तुझ्यात आहे, केळ्यात आहे, जंतूत आहे. साबणाने, म्हणजे त्या अमृताने, पेशी फुटते, स्पिरिटात तो दिसतो. बस्स. कुणी चमत्कार दाखवला की एवढंच विचारायचं: निरोग्यावर करून दाखव."

शिंपी स्टुलावर चढला, डबी खाली काढली आणि राहिलेले दोन महिने रोज सकाळी स्वतः बायकोच्या हातावर गोळ्या ठेवल्या.

शिंपी त्यानंतर एकवीस वर्षांनी जानेवारीत गेला, अक्का त्याच्या पुढच्या वर्षी. शिंप्याची बायको अक्काच्या मागे अकरा वर्षं जगली आणि एप्रिलमध्ये, चौसष्टाव्या वर्षी, हृदय थांबून गेली. क्षय पुन्हा कधीच उलटला नव्हता.