सामायिकात लागला लाल दिवा

लाईन जायचीच होती, तर दहा मिनिटं आधी गेली असती, नाहीतर तासाभरानं गेली असती. पण नाही! तारामती सासूशेजारी आसनावर बसली, तोंडाला मुहपत्तीची कापडी पट्टी बांधली, सामायिकाचं व्रत घेतलं, वाळूची घडी उलटी केली आणि डोक्यावरचा पंखा थांबला. शेलूबाजारच्या विजेला असा नेमका मुहूर्त कसा सापडतो, कोण जाणे.

जैनांचं सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं जागेवर बसून नवकाराचा जप. तेवढ्या वेळात विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, कारण विजेतही जीव मानतात. बरं, स्वतः लावला नाही म्हणजे सुटलो असंही नाही. दुसऱ्याला नुसतं ‘लाव गं’ म्हटलं तरी व्रत मोडलं. तारामतीची सासू हीराबाई, तिचं चाळीस वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं आणि हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. सून मात्र चार वर्षं झाली तरी कच्चीच. कधी पाय आखडायचे, कधी डुलकी लागायची.

वाळूचा तिसरा हिस्सा खाली आला आणि लाईन परत आली. पंखा फिरला. हुश्श म्हणेपर्यंत माजघराच्या कोपऱ्यातून आवाज आला. टक्. थोडी गुरगुर. परत टक्. फ्रिजशेजारच्या स्टॅबिलायझरच्या डब्यावर लाल दिवा लागला होता.

तारामतीचा जप तिथेच थांबला.

फ्रिज घेतला तेव्हा अकोल्याहून आलेल्या मिस्त्रीनं तिलाच समोर उभं करून सांगितलं होतं, “लाईन येऊन लाल दिवा लागला अन् टक् टक् झालं, तं समजायचं, मोटर उठायले पाहून राह्यली पन तिले उठता येऊन नाई राह्यलं. लगेच बटन बंद करा. दहा मिनिटं दम घेऊ द्या तिले, मंग लावा. तसंच राहू दिलं तं मोटर जळाली समजा.”

आणि मोटर जळून चालणार नव्हतं. गावातला हा पहिलाच फ्रिज काही सरबतासाठी आणला नव्हता. तारामतीचा नवरा कैलासचंद, उणापुरा अठ्ठावीस वर्षांचा, त्याला साखरेची बिमारी. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. मागच्या उन्हाळ्यात शिश्या माठाखालच्या ओल्या रेतीत ठेवल्या, त्यातलं औषध उतरलं, आणि हा माणूस दुकानाच्या गादीवर बेशुद्ध पडला. जीपमध्ये घालून अकोल्याला नेला. वाचला, ते नशीब. आता आत महिन्याभराच्या शिश्या होत्या, बाहेर वैशाख होता आणि मिस्त्री बोलावला तर पंधरा दिवसांनी उगवणार होता.

टक्. गुरगुर. टक्.

बटण चार पावलांवर. तारामतीनं सासूकडे पाहिलं. हीराबाईचे डोळे मिटलेले, माळेचे मणी एका लयीत सरकत होते. ऐकू येत नाही की काय बाईंना? येतच असेल. पलीकडच्या घरात कोणी शिंकलं तरी त्यांना ऐकू येतं.

तेवढ्यात झाडझूड करणारी धनीबाई दारात आली. फ्रिजकडे पाहून जागीच थबकली.

“काहून टक् टक् करून राह्यलं वो हे?”

तारामतीनं तिच्याकडे असं पाहिलं की दगडालाही पाझर फुटावा. बंद कर ना गं, बाई! पण ओठ हलवायचे कसे? बोट दाखवलं तरी ते सांगणंच. धनीबाईनं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सासूकडे, आणि “मी मंग येतो” म्हणत मागच्या मागे पसार झाली. तिला त्या पेटीची आधीच धास्ती.

वाळू तर सरायलाच तयार नव्हती. तारामती नवकार म्हणायची आणि मधेच टक् आलं की चुकायची. परत पहिल्यापासून, परत टक्. नवऱ्याचा जीव तिथे अडकलाय आणि मी इथे मांडी घालून पुण्य करतेय! तिला रडू येत होतं, आणि सासूचा असा राग येत होता की सांगता सोय नाही. मग जळका वास आला. थोडासाच, पण आला.

ती ताडकन उठली, बटण बंद केलं आणि परत येऊन बसली. लाल दिवा विझला. हीराबाईची माळ थांबली होती. डोळे मात्र मिटलेलेच.

आता दहा मिनिटं. पण बंद करणं एक वेळ ठीक. चालू करायचं म्हणजे जाणूनबुजून दुसऱ्यांदा पाप करायचं. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं झाली, अकरा झाली. तारामतीचे पाय उचलेनात.

“बारा मिनिटं झाले,” हीराबाई म्हणाली. “लाव ना आता.”

तारामतीला वाटलं, भास झाला. पण सासू डोळे उघडून तिच्याकडेच पाहत होती. तारामतीनं जाऊन बटण लावलं. डबा घुमला, एकदा टक् झालं आणि मोटरनं घर्र करून सूर धरला. तारामती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली.

“बाई, माह्यामुळं तुमचं सामायिक मोडलं.”

“मोडलं तं मोडलं. थ्या शिशीतलं औषध कशातून काढतेत, माईत हाय तुले?”

तारामतीनं नाही म्हणून मान हलवली. हे कधी तिच्या मनातच आलं नव्हतं.

“जनावराच्या पोटातून. कापलेल्या. अकोल्याच्या डॉक्टरले मीच इचारलं होतं, पयल्याच दिवशी.” हीराबाईचा आवाज जरासुद्धा हलला नाही. “कैलासले समजलं तं तो सुई घेनार नाई, मरून जाईन. म्हनून मी गप. मी रोज कायले बसतो इथं, वाटते तुले? अन् तू बटनाचं रडून राह्यली.”

तिनं मुहपत्ती सारखी केली, घडी उलटी केली.

“आता तुलेबी माईत झालं. तूबी गप राह्य.”

दिवस मावळायच्या आत कैलासचंद दुकानातून आला. जेवणाआधीची सुई रोज तारामतीच द्यायची. तिनं सुई उकळली, फ्रिज उघडून शिशी काढली, औषध भरलं. त्यानं रोजच्यासारखी बाही वर केली आणि गावच्या गप्पा सांगत बसला. मग एकदम थांबला.

“हात काहून थरथरून राह्यला तुहा?”

हीराबाई पलीकडे गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“शिशी लय थंड हाय,” तारामती म्हणाली, आणि सुई टोचली.