त्या बाईला काय हवं होतं

इंदूबाईंनी खडूचा डबा टेबलावर ठेवला आणि जाता जाता त्या मायाच्या बाकाशी थांबल्या.

"आज त्या मोर्शीवालीचं बोलनं खोडू नको, माय. तिचं बोलनं गोष्टीतलं नसते."

"मावशी, चर्चा आहे. खोडावंच लागते," माया म्हणाली आणि वहीचं पान सरळ करत राहिली. पाण्याचे माठ भरणाऱ्या बाईला कथेतलं काय कळणार, हे ती बोलली नाही. इंदूबाईंना ते दिसलं असावं. त्या निघून गेल्या.

एम.ए.चा हा तास दर बुधवारी असे. सर एक कथा वाचून दाखवत आणि मग खिडकीशी गप्प उभे राहत. बोलायचं ते पोरांनी. पिंकी झाल्यावर माया वर्गात परतली, तेव्हा हजेरी देतानाही तिचा आवाज चिरकायचा. या तासांनी तिला उभं केलं. आधी एक वाक्य, मग दोन. एकदा सरांनी तिचं मत फळ्यावर लिहिलं, त्या संध्याकाळी तिने सासूला पहिल्यांदाच सांगितलं, की पिंकीच्या डोळ्यांत काजळ घालायचं नाही.

त्या दिवशीच्या कथेत एक बाई झोपलेलं तान्हं लेकरू शेजारणीच्या उंबऱ्यावर ठेवते, आत जाऊन कडी लावते, आणि कथा संपते.

"का ठेवलं असेल?" सरांनी विचारलं.

मोर्शीची आरती उठली. ती शेवटच्या बाकावर बसे, फाइल कायम छातीशी.

"तिले झोप पायजे होती, सर. बाकी काई नाही."

"मंग गोळी घ्याची ना," योगेश म्हणाला. वर्ग हसला.

माया उभी राहिली.

"माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. कोणतीच आई असं करणार नाही. लिहिणाऱ्याला आई कळलेलीच नाही, सर."

आवाज एकदाही हलला नाही. कोणीतरी बाक वाजवला, मग सगळ्यांनीच.

"आरती, उत्तर द्या," सर म्हणाले.

"नाही, सर. तिचंच बरोबर आहे." आरती बसली.

तो बाकांचा आवाज मायाला घरापर्यंत पुरला. दुधाची बाटली धुताना मात्र तिचा हात थांबला. दिवाळीनंतरच्या एका दुपारी तिने रडणाऱ्या पिंकीला पाळण्यात टाकलं होतं, दार ओढून घेतलं होतं आणि कानात बोटं घालून जिन्यावर बसली होती. खालच्या मैनाबाई ओरडल्या, "माया, दूध करपून राहिलं वं," तेव्हा ती उठली. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. वर्गात उभी राहताना तिला नेमकं तेच आठवलं होतं.

पुढच्या बुधवारी आरती आली नाही. त्याच्या पुढच्याही.

"तुमी तं तिले पार गारच केलं, ताई," योगेश म्हणाला. त्याला कौतुकच करायचं होतं.

माया माठापाशी गेली. इंदूबाई पेले विसळत होत्या.

"तीन महिन्याचं लेकरू हाय तिले," मान वर न करता त्या म्हणाल्या. "मधल्या सुटीत मोरीत जाऊन दूध पिळून टाके. पोलकं ओलं व्हाचं, म्हनून ते फाइल. आमाले दिसलं. तू तं लेकुरवाळी, तुले नाही दिसलं?"

माया विसळलेले पेले पालथे घालू लागली.

"दर बुधवारी लेकरू शेजारनीपाशी ठेवून येत होती. तेवढंच घराबाहेर पडे ते."

आरतीचा फोन बंद आहे. कॉलेजच्या ऑफिसातून पत्ता मिळाला. पण पिंकीला कालपासून ताप आहे, सासू गावाला गेली आहे, आणि नवरा, धम्मदीप, अकोल्याला ड्यूटीवर, शनिवारी रात्री येईल. रविवारी पहिल्या बसने माया मोर्शीला निघणार आहे. आज बुधवार आहे.

तुम्ही त्या बाजूचे असाल तर ऐका. मोर्शीत, स्टँडच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवर आरतीची खोली आहे. दार वाजवा. ती म्हणेल, बरी आहे. तेवढ्यावर परत फिरू नका. लेकरू तासभर तुम्ही घ्या, आणि तिला झोपू द्या.