दोन बीजं

गावात जावळे, जुळे भाऊ, म्हणजे दसरू आणि पोचू. एकाने शिवी दिली की मार दुसऱ्याला बसे, इतके ते सारखे. त्यामुळे चौपन्न साली कमळाला एका खेपेस दोन पोरगे झाले, एक काळा आणि एक गोरा, तेव्हा गावाने एकमताने ठरवलं की हे जावळे नव्हेत, हे प्रकरण आहे.

दोन महिन्यांनी पंच बसले. दोन्ही लेकरं आपल्याच मांडीवर राहावीत, एवढंच कमळाचं म्हणणं. पण बाईला म्हणणं असतं, हे पंचांच्या ऐकिवात नव्हतं.

देवीची लस टोचायला सरकारी डॉक्टर आले होते. पंचांनी त्यांनाच धरलं. डॉक्टर उत्साहाने सांगू लागले, "दसरू-पोचू एकाच अंड्याची दोन शकलं, म्हणून सारखे. कमळाबाईच्या पोटात अंडीच दोन होती, दोघांना बीजं वेगवेगळी मिळाली. ही सख्खी भावंडंच, फक्त एकदम जन्मली."

"म्हंजे बीजं दोन?" म्हातारे रामाजी पंच म्हणाले.

"दोन."

"आयकलं ना? दोन जातीचं बियाणं दोन घरचं रायते."

"अहो, दोन्ही बीजं तिच्या नवऱ्याची, लटारूचीच!"

"आता पलटू नका, सायेब."

कमळा दाराआडून बोलली, "एका लोंबीचे दानेबी सारखे नसते, भाऊ."

"बाईमानसानं मधात बोलू नाई," रामाजींनी दटावलं.

आता परका कोणता, एवढंच उरलं. कमळाचा नवरा लटारू तव्याच्या बुडासारखा काळा, तेव्हा गोराच परका, असं सगळे धरून चालले होते. पण सासू शकुबाई गोऱ्याला सोडेना. "ह्यो माह्या सासऱ्यावर गेला. ते गोरेपान होते."

तिचा सासरा कोणीच पाहिला नव्हता, त्यामुळे पुरावा भक्कम ठरला. नाक-कान-कपाळ लटारूचं घेऊन आलेला काळा पोरगा परका निघाला. लटारूने त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "पंच म्हनते तसं."

डॉक्टर सायकलवर बसून पुढच्या गावी टोचायला गेले.

कमळाला काळ्यासकट माहेरच्या छकड्यात बसवलं. वैनगंगेच्या घाटापर्यंत पोरगं पिऊन झोपलंही. तिची चोळी मात्र दुसऱ्या अंगाला भिजतच राहिली. पंचांचा निकाल दुधाला कोणी कळवला नव्हता; ते अजून दोघांपुरतं येत होतं.