तळाची तार

किल्लीवाल्याच्या मनात ती तार रुतली बुधवारी संध्याकाळी, हातातला चहा निवायच्या आत.

"मास्तर म्हणाले, तुमच्या वाद्याला तळ नाही," बायको म्हणाली. दिवसभर पडदे शिवून ती युकुलेलेच्या, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारीच्या, शिकवणीला जाऊन आली होती. खांद्यावर निळा दोरा अजून चिकटलेला होता.

"तळ म्हणजे?"

"खालचा सूर हो. ही चौथी तार, माझ्या हनुवटीकडची. हिचा मान सगळ्यात वरचा, पण बोलते चिमणीसारखी. ती काढायची आणि तिथं जाड तार घालायची, म्हणजे खाली खर्ज मिळतो. लो जी म्हणतात तिला. टेनर युकुलेलेला शोभून दिसते म्हणे."

मग मी कोण, हे त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि चहाबरोबर खाली गेलं.

अकरा वर्षं झाली होती ते टेनर, म्हणजे जरा मोठ्या मापाचं युकुलेले घरात येऊन. संध्याकाळी दोघांची कामं आटोपली की स्वयंपाकघरातल्या खिडकीखालच्या बाकावर ती वाद्य घेऊन बसायची, आणि तो तिच्या डाव्या हाताला. ती वाजवायची, गायची. तो शब्द म्हणत नसे. तिच्या सुराखाली आपला जाड, घुमता सूर अंथरायचा आणि तिनं त्यावर हवं तसं नाचावं. शेजारीण एकदा विचारून गेली होती, "तुमच्याकडे संध्याकाळी भुंगा येतो का हो?" तेव्हापासून बायको त्याला लाडात आली की भुंगोबा म्हणायची.

अकरा वर्षं तो या घराचा तळ होता. आणि ती शिकवणीला जायला लागून चार महिने झाले नाहीत तोवर कुणी मास्तर सांगतो, तळ नाही.

बाईच्या वाट्याला सवत आली तर तिला सवत म्हणता तरी येतं. नवऱ्याच्या जागेवर येऊन बसणाऱ्या हातभर तारेला काय म्हणायचं?

"तारांचं दुकान तुमच्या दुकानाच्या मागच्याच गल्लीत आहे," ती म्हणाली. "तुम्हीच आणा. तुमचा कान माझ्याहून तिखट. फक्त करकरणारी नको. आणि वर हाडाच्या पट्टीत तारेची खाच आहे ना, ती जाड तारेसाठी मोठी करावी लागेल. तुमच्या बारीक कानशीनं होईल?"

"होईल," तो म्हणाला. कामाला नाही म्हणायची त्याच्या हाताला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो त्या दुकानात गेला. तारवाली बाई गल्ल्यामागे चष्मा कपाळावर चढवून बसली होती. त्यानं काय हवं ते सांगितल्यावर तिनं तीन पाकिटं पुढं ठेवली, आणि भिंतीवरची तीन वाद्यं काढून एकेक तार वाजवून दाखवली.

पहिली गुळगुळीत, अख्खी, कशानंही न मढवलेली. सूर गोल, शेजारच्या तारांना धक्का न देता बसणारा. दुसरी धातूच्या बारीक तारेनं गुंडाळलेली, पण वरून घासून सपाट केलेली. बरी होती, जरा झळाळणारी. तिसरीही गुंडाळलेली, पण खरबरीत. तिच्यावरून बोट सरकवलं की चुईं असा आवाज निघायचा, आणि छेडली की बाकी तिघींना खाली दाबून एकटीच ढणढणायची.

किल्लीवाल्याला कुलपाच्या पोटात कुठली पिन अडली ते कानानं कळायचं. पहिली तार ऐकताच त्याला कळलं की हीच. तीच ती. त्याच्या आवाजाइतकीच खोल, आणि त्याच्याहून कमी दमणारी.

"तिसरी द्या," तो म्हणाला.

तारवाल्या बाईनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "दादा, ही घरात वाजवायला कुणी नेत नाही. मोठ्या घोळक्यात वाजवणारे नेतात. कुणासाठी?"

"बायकोसाठी."

"भांडण झालंय का?"

"नाही, नाही."

"मग होईल," ती म्हणाली आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.

चार दिवस चुईंचुईं ऐकेल, कंटाळेल, म्हणेल काढा ही अवदसा, असा त्याचा हिशेब. मग जुनी चिमणी आपल्या फांदीवर, आणि भुंगोबा आपल्या जागी.

रविवारी सकाळी त्यानं जुनी तार सोडवून पाकिटात घालून ठेवली आणि खाच रुंद करायला घेतली. मनात खोट होती, पण हाताला ती कुणी सांगितली नव्हती. कानस हातात आली की त्याचा श्वास आपोआप मंद व्हायचा. दोन ओढ, फुंकर, तार ठेवून बघ. पुन्हा एक ओढ. तळ गोल, मागच्या बाजूला नखभर उतार, तार अर्धी आत, अर्धी बाहेर. तीस वर्षं ज्यानं केसभर फरकानं दारं उघडली, त्याला वाकडी खाच करता येईना. मनात आलं तरी येईना.

तिनं तार छेडली. घर दणाणलं. बोट सरकवलं, तर चुईं.

"नवी आहे," ती म्हणाली. "रुळेल."

नवी तार ताणते आणि सारखी उतरते. तीन संध्याकाळी ती खुंटी पिळत राहिली, वाजवत राहिली. दर ओळीत ते केकाटणं. तो शेजारीच बसायचा. गायला जागा होती, पण तो गाईना. आपणच आणलेल्या पाहुण्याशी बोलायचं तरी काय? चौथ्या संध्याकाळी तिनं वाद्य मांडीवर आडवं ठेवलं.

"काढा ही. जुनीच घाला."

तो लगबगीनं उठला, जुनी तार आणली, बसवली, सुरात लावली. "वाजव."

तिनं छेडली. चिमणी बोललीच नाही. खडखडली, डबीत चिमूटभर वाळू हलवावी तशी. जाड तारेच्या खाचेत बारीक तार खोल बुडाली होती आणि वाद्याच्या गळ्यावरच्या पहिल्याच धातूच्या पट्टीवर घासत होती.

दोघं त्या हाडाच्या पट्टीकडे बघत राहिली. खाच सुरेख होती.

"आता मागं जाता येत नाही," तो हळूच म्हणाला.

"नाही." तिनं खाचेवरून नख फिरवलं. "इतकं नीट काम केलंत. आणि तार ही असली आणलीत. दुकानात ऐकू आलं नाही तुम्हाला?"

तो चुळबुळला. खोटं बोलायला पुरेसा वेळ तिनं दिला, पण त्याला ते जमलं नाही.

"आलं."

"मग?"

"मास्तर म्हणाले तळ नाही." त्याचा आवाज एवढासा झाला. "मी होतो की."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. "चार दिवस मला वाटत होतं माझीच बोटं आडदांड झाली," ती म्हणाली. "शिकवणीत सगळ्यांसमोर बोटं लपवून वाजवलं मी." आणि वाद्य बाकावर ठेवून उठून गेली. त्या रात्री जेवताना मीठ मागण्यापलीकडे बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानाचं कुलूप उघडायच्या आधी तो मागच्या गल्लीत गेला.

"पहिली," तो म्हणाला.

"झालं का भांडण?" तारवाल्या बाईनं विचारलं.

"झालं."

गुळगुळीत तार आधीच्याहून जराशी जाड निघाली. त्यानं संध्याकाळी खाच आणखी दोन ओढ रुंद केली. मत्सर गेला नव्हता. तो कानशीच्या पातीसारखा आत खरखरत होता, आणि तरी हात चोख काम करत होता.

ती आली. बाकावर बसली. वाद्य घेतलं आणि नेहमीचं गाणं धरलं:

वाट वळली वळणाला, सावली थांबली,
तुझ्या पायाच्या मापानं माझी पाऊलं लांबली.

खर्ज उठला. गोल, खोल, कुणाला न दाबणारा. अगदी जिथं तो बसायचा तिथं. त्याला ऐकवेना आणि उठवेना. आपल्याच हातानं केलेल्या खाचेतून परकं कुणी इतकं गोड बोलत होतं.

पहिलं कडवं संपलं. ती वाजवत राहिली. "गा ना."

"कुठं गाऊ? तिथं ती बसलीय."

"मग सरका थोडे," ती म्हणाली, तारांवरची नजर न काढता. "वर जागा आहे."

वरचे शब्द त्यानं अकरा वर्षं ऐकले होते, कधी म्हटले नव्हते. त्यानं तोंड उघडलं. "वाट वळली" इतकं नीट गेलं, वळणाला आवाज फाटला. तिनं थांबून खुंट्या पिळल्या, त्याचा आवाज पोचेल इतक्या चारी तारा थोड्या खाली उतरवल्या, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.