ईथर उकळत असताना

रविवारी दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळाचं पाणी गेलं, तेव्हा निशाचा फ्लास्क नुकताच उकळायला लागला होता.

सकाळपासून तो ढिम्म होता. तळाशी मॅग्नेशियमचा कीस, त्यावर ईथर, आणि वरच्या नरसाळ्यातून थेंबथेंब पडणारं ब्रोमोबेंझिन. या क्रियेला हवेतला ओलावासुद्धा खपत नाही, आणि पावसाळ्यात बेळगावात कोरडी हवा आणायची कुठून? काच पुन्हा पुन्हा भट्टीत तापवली, तेव्हा कुठे द्रव गढूळला आणि आपोआप उकळू लागला. एकदा सुरू झालं की सोडून जाता येत नाही. वाफ थंड करून परत खाली आणणारी उभी नळी, कंडेन्सर, नळाच्या पाण्यावर चालते. आता ती कोरडी पडली होती, आणि ईथरच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

निशाने फ्लास्कखाली बर्फाचं भांडं सरकवलं आणि कंडेन्सरवर ओलं फडकं दाबून धरलं. आसपास कुणी नव्हतं. ब्रोमोबेंझिनची बाटली रिकामी झाली होती. आज फसलं तर प्रोजेक्ट अपुरा, आणि यंदाची एम.एस्सी. गेली.

तेवढ्यात दारात तिचे वडील येऊन उभे राहिले. नेमगोंडा तिला न्यायला निपाणीहून गाडी घेऊन आले होते.

"चल गं. पाव्हणे निघालेत. बघायचा कार्यक्रम उरकून दिवस बुडायच्या आत जेवणं व्हायला पायजेत."

"आप्पा, हात सोडता येत न्हाय. पेटंल."

"मग पाणी ओत की त्यात!"

"एक थेंब आत गेला तरी सगळं मेलं."

"ह्यापरास चूल बरी."

"चूल बंद करून निघता येतंय, आप्पा."

नेमगोंडा जवळ आले. भांड्यातला बर्फ वितळत होता, तिची बोटं पांढरी पडली होती. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. "सरक."

त्यांनी टॉवेल नळीला गुंडाळला आणि फ्रीजमधल्या पाण्याची बारीक धार त्यावर धरली.

"खालच्या सांध्यावर थेंब नको हं."

"जैनाच्या घरात जन्मभर पाणी गाळून पितोय. मला शिकीव तू."

नेमगोंडांच्या खिशात फोन वाजला.

"पाव्हण्यांचा असंल. घे की गं."

"माझा एक हात बर्फात हाय, दुसरा नरसाळ्याच्या चावीवर."

फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. दोघेही हलले नाहीत.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. नेमगोंडांनी तिकडे पाहिलं.

"जेवलीस?"

"न्हाय."

"गाडीत आईचा डबा हाय. बाहेर बसून खा जा. दिवस बुडला की तुला चालणार न्हाय."

"आणि हे?"

"चावी बंद कर. तू येस्तोवर गार ठेवतो."

"पाव्हण्यांना काय सांगणार?"

त्यांनी मान वर केली नाही. सांध्याकडे ओघळणारा थेंब त्यांनी अंगठ्याने टिपला. फोन परत वाजू लागला.

"जा म्हटलं न्हवं," ते म्हणाले.