सातवा रकाना

निरुपमाने चोविसाव्या नावाखाली फूटपट्टी धरून लाल रेघ ओढली आणि पेनाला टोपण लावलं. रेघेच्या वर चोवीस मुलं, खाली सदतीस. वाचनालयाच्या बालविभागात एसी असलेली खोली एकच होती आणि त्या खोलीत चोविसाहून जास्त खुर्च्या मावत नव्हत्या.

“झालं का, निरुपमाबेन? की अर्ध्या गुणासाठी अजून कुणाचा गळा कापायचाय?” देवघेवीच्या टेबलामागून विश्वंभरने विचारलं. बावीस वर्षं तो त्याच खुर्चीत बसून पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत आला होता. बोलताना त्याचा हात थांबत नसे.

“गुण रकान्यांना मिळतात, विश्वंभरभाई. मुलांना नाही.”

“तेच तर म्हणतोय मी.”

सुट्टीतल्या वाचनवर्गाची आखणी निरुपमाने मार्चमध्येच केली होती. तीन आठवड्यांची पहिली तुकडी काल संपली. दहा दिवसांची दुसरी उद्यापासून, चार जूनपर्यंत. मागच्या वर्षी निम्म्या जागा ओळखीपाळखीवर भरल्या गेल्या, म्हणून यंदा तिने अर्जात सात रकाने केले आणि प्रत्येकाला गुण ठरवले. सातवा रकाना खास तिचा होता: ‘दुपारी घरी मोठं माणूस असतं का?’ पाणीगेटकडच्या गल्ल्यांत, पत्र्याखाली, बाहेरून कडी घालून ठेवलेली मुलं तिने पाहिली होती. ‘नाही’ लिहिणाऱ्याला पाच गुण. ‘होय’ला शून्य.

“बेन.”

संयोगिता टेबलाशी उभी होती. अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, दप्तर पोटाशी धरलेलं. ती पहिल्या तुकडीत होती. वर्ग संपला तरी आजही वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसली होती, आणि उघडल्यावर भिंतीकडच्या खुर्चीत.

“माझं नाव लागलं?”

निरुपमाने यादीवरून बोट फिरवलं. रेघेखाली, एकेचाळिसावं.

“नाही लागलं, बेटा. नवीन मुलांना आधी घ्यायचंय. जुन्यांतली फक्त ज्यांच्या घरी दुपारी कुणी नसतं, तेवढीच.”

“माझ्या घरी कुणी नसतं.”

निरुपमाने अर्ज शोधून काढला. आईचं गोल, सावकाश काढलेलं अक्षर. सातव्या रकान्यात ‘होय. माझे दीर.’

“इथं काका लिहिलेत. काका असतात ना घरी?”

संयोगिताने रिबनचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“असतात.”

“मग कुणी नसतं असं का सांगितलंस?”

संयोगिताने दाराकडे पाहिलं.

“खोटं सांगून दुसऱ्याची जागा घ्यायची नसते,” निरुपमा शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली. मग शंका राहू नये म्हणून तिने अर्जावरचा पहिला नंबर लावला.

“केम छो, बेन.” पलीकडचा आवाज मोकळा होता. “मी समरजित, तिचा काका. असतो ने मी, कंपनी बंद पडली तेव्हापासून दिवसभर घरीच. पोरगी उगाच तुम्हाला हैराण करते. येतो तिला घ्यायला, दहा मिनिटांत.”

निरुपमाने अर्जावर बरोबरची खूण केली. “काका येतायत न्यायला,” तिने सांगितलं.

संयोगिता जागेवर गेली नाही.

“बेन, आतल्या खोलीतली पुस्तकं पुसू? सगळी पुसते.”

“आज नको. दप्तर भर जा.”

दप्तर भरलेलंच होतं.

निरुपमाने पहिल्या तुकडीचा अहवाल पुढे ओढला. तो संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. पुस्तकं किती, पानं किती, हजेरी किती. संयोगिताची ओळ तिने आठवड्यापूर्वी दुसऱ्या गैरहजेरीनंतरच लिहून ठेवली होती: पूर्ण वाचलेली पुस्तकं दोन, प्रगती मंद, हजेरी अनियमित. ‘अनियमित’समोर तारखा घालायच्या राहिल्या होत्या. तिने हजेरीपट उघडला.

एकवीस दिवसांत तीन गैरहजेऱ्या. आठ मे, पंधरा मे, बावीस मे.

तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. तिन्ही गुरुवार.

दर आठवड्याला ठरलेल्या वाराला न येणारं मूल अनियमित नसतं. अहवालात चुकीचा शब्द जाऊ नये, एवढ्यासाठीच तिने अर्ज पुन्हा हातात घेतला. वडील: हयात नाहीत. आई: वसुंधरा, नोकरी सयाजीगंजमधल्या दवाखान्यात, दहा ते पाच. आईची साप्ताहिक सुट्टी: गुरुवार.

मग ती वेळा बघू लागली. वर्ग अकरा ते एक असे. संयोगिता आल्याची वेळ दहा, दहा, दहा. दार त्याआधी उघडतच नव्हतं. गेल्याची वेळ साडेपाच, साडेपाच, साडेपाच.

“ही पोरगी पान उलटत नाही,” विश्वंभर दुसऱ्याच दिवशी म्हणाला होता. “एक पुस्तक घेऊन बसते आणि दाराकडे बघते. वाचते कमी, पहारा जास्त करते.” निरुपमा त्या वेळी हसली होती आणि संयोगिताच्या नावापुढे तिने ‘एकाग्रता कमी’ असं टिपलं होतं.

ती टीप अजून तिथेच होती. निरुपमाने तिच्यावर तळहात ठेवला.

बाहेर स्कूटर थांबली.

समरजितने दाराशी चपला नीट जोडून काढल्या. इस्त्रीचा शर्ट, ओल्या केसांचा भांग. त्याने विश्वंभरला हात जोडले.

“चाल, संयू. किती त्रास द्यायचा बेनना?”

संयोगिता खुर्चीतून उठली आणि मागे सरकली. मागे भिंत होती.

“बसा तुम्ही,” निरुपमा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. “एक तपासणी राहिली आहे. विश्वंभरभाई, हिला आत न्या. पुस्तकं पुसायची आहेत.”

विश्वंभरने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी चेष्टेचं बोलायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं. शिक्का खाली ठेवला. “चल, दीकरा,” म्हणत त्याने संयोगिताला आतल्या खोलीत नेलं आणि स्वतः दारातच स्टूल टाकून बसला.

निरुपमा मोबाइल घेऊन मागच्या जिन्यात गेली. दुसऱ्या नंबरावर बराच वेळ घंटी वाजत राहिली.

“वसुंधराताई, वाचनालयातून निरुपमा बोलते. संयोगिताला न्यायला तिचे काका आलेत.”

पलीकडे कुणा पेशंटचं नाव पुकारलेलं ऐकू आलं.

“गेली ती?”

“नाही. इथेच आहे.”

“बेन, तिला मी सांगून ठेवलंय, मी सुटेपर्यंत तिथून हलायचं नाही.” आवाज एकदम खाली आला. “भावजींना काही बोलू नका. घर त्यांच्या नावावर आहे. मांजलपूरला खोली बघितलीय मी, पंधरा जूनला रिकामी होतेय. तोवर फक्त...”

निरुपमाने जिन्याचं दार ओढून घेतलं.

“अर्जात तुम्ही ‘होय’ लिहिलंत,” ती म्हणाली.

“तुम्ही विचारलं होतं, मोठं माणूस असतं का. असतं.”

जिन्यात ऊन सरळ पायरीवर पडलं होतं. निरुपमाने कठड्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

“तुम्ही या,” ती म्हणाली. “तुम्ही येईपर्यंत ती कुठे जाणार नाही.”

ती टेबलाशी परतली तेव्हा समरजित यादी वाचत उभा होता.

“चालो, झालं?”

“तिचं नाव लागलंय. उद्यापासून येईल. आज तिची आई येऊन नेईल तिला.”

“कसं लागलं? रेघेच्या खाली आहे ने? आणि मी तर घरीच असतो.”

निरुपमाने अर्ज समोर घेतला, लाल पेन उघडलं. ‘होय. माझे दीर.’ यावर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: ‘नाही.’ प्रत्येक दुरुस्तीखाली सही आणि तारीख हवी, हा नियम तिनेच केला होता. तिने सही केली. तारीख घातली.

समरजितने टेबलावर वाकून ते उलट्या बाजूने वाचलं.

“ही तुकडी केव्हा संपते?”

“चार जूनला.”

“आणि शाळा?”

“नऊला.”

“बरं,” तो म्हणाला. आतल्या खोलीच्या दारातल्या स्टुलाकडे त्याने एकदा पाहिलं, चपला घातल्या आणि गेला. स्कूटर चालू व्हायला वेळ लागला. ती गेल्यावरही निरुपमा थोडा वेळ ऐकत राहिली.

मग तिने अहवालातली संयोगिताची ओळ खोडली. नंतर कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं. पाच जून, गुरुवार. राहिले सहा, सात, आठ. तिने कोरा कागद घेतला, फूटपट्टीने चौकट आखली आणि वळणदार अक्षरात लिहिलं:

‘तिसरी तुकडी. सहा ते आठ जून. जागा: एक.’

विश्वंभर केव्हा मागे येऊन उभा राहिला, तिला कळलं नाही.

“त्या दिवसांत पुस्तकांची मोजणी आहे,” तो म्हणाला. “वाचकांना वाचनालय बंद. तुम्हीच नोटीस लावलीत.”

“माहीत आहे.”

आतून फडक्याने पुस्तक झटकल्याचा आवाज येत होता. एक, मग दुसरं.

“साडेनऊला उघडतो,” विश्वंभर म्हणाला. “पावणेदहाला ती पायरीवर येऊन बसते.”