भिंगाने पाहिलेले मत

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. माझ्या काचेच्या काठाचा टवका उडाला आहे आणि काळी मूठ कित्येक हातांनी गुळगुळीत झाली आहे. अमेरिकेतल्या एका कारखान्यात मी घडले आणि तिथल्याच एका सरकारी शाळेत कामाला लागले. अधू दृष्टीच्या मुलांची ती शाळा. स्मिताबाई तिथे शिकवत. मुले मला पानावर धरत आणि अक्षर मोठे झाले की हसत. तेवढे कौतुक मला पुष्कळ होते.

निवृत्त होताना स्मिताबाईंनी आठवण म्हणून मला घरी आणले. पुढे त्या वारल्या. त्यांचे यजमान शिरीषराव सिंगापूरला, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये, आपल्या लेकीकडे, विनीताकडे राहायला आले. त्यांच्या सामानातून आलेले मी कपाटात धूळ खात पडले. मग हळूहळू शिरीषरावांचीच नजर मंदावली आणि मला पुन्हा काम मिळाले.

२००८ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली. शिरीषराव तिथले नागरिक असल्याने त्यांची मतपत्रिका टपालाने आली. त्यांच्या राज्याचा कारभार चालवणाऱ्या गव्हर्नरची निवडणूकही त्याच कागदावर होती. सिंगापूरच्याच नोव्हेना भागातल्या दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन ठरले होते. नजर वाचेलच, असे डॉक्टर म्हणत नव्हते.

"बाबा, डोळ्यांना ताण नको," विनीता म्हणाली. "मी वाचते, तुम्ही फक्त सांगा."

"मत माझं आहे विनू. दिसतंय तोवर मीच वाचणार."

नात क्षिप्राने मला कागदावर धरले. राष्ट्राध्यक्षाच्या नावापुढे खूण करून आजोबा डोळे मिटून थांबले.

"प्रेसिडेंट झाला ना आजोबा," क्षिप्रा म्हणाली. "इनफ लाह, पुरे आता."

"नाही गं. खाली गव्हर्नर आहे. तुझ्या आजीची शाळा चालू ठेवायची की बंद करायची, हे तो ठरवणार. एक जण बंद करू म्हणतोय."

विनीताने टेबलावरचा दिवा जवळ ओढला.

आजोबांनी नावे एकेक अक्षर जोडत वाचली. मग म्हणाले, "आता दोघी तिकडे बघा." दोघींनी मान वळवली. क्षिप्राचा हात मात्र हलला नाही. आजोबांखेरीज ती खूण फक्त मी पाहिली.

ऑपरेशन झाले, पण नजर परतली नाही. निकालाच्या दिवशी टीव्हीवर, ऑफिसात, खाण्याच्या गाड्यांच्या हॉकर सेंटरमध्ये, सगळीकडे राष्ट्राध्यक्षाचीच चर्चा होती. त्या राज्याच्या गव्हर्नरचे नाव कोणी घेतले नाही. क्षिप्राने ते कॉम्प्युटरवर शोधून काढले.

"आजोबा, शाळा बंद करणारा जिंकला."

आजोबांनी विचारले, "दुसऱ्याला किती मतं पडली?"

तिने आकडा वाचला. तो लाखांत होता.

"त्यातलं एक माझं," आजोबा म्हणाले, आणि चाचपडत त्यांनी तिचा हात धरला.

मित्रांनो, आता मला कोणी हातात घेत नाही. मला त्याचे दुःख नाही. एवढेच मागणे आहे. वरचे मोठे नाव सगळ्यांनाच दिसते. तुमच्या हाती असा कागद येईल तेव्हा खालची बारीक नावेही थांबून वाचा. कोणाची तरी शाळा त्या ओळीत असते.